राजदूत पाठवायचा, पण कुणाकडे?

युरोपीय समुदायासारख्या ‘ज्या संस्थेला ना राजा ना राष्ट्रपती, तिच्याकडे राजदूत पाठवायचा तरी कसा?’ हा प्रश्न रास्तच आहे. १९५२ साली तो खरोखरच पडला होता. १० ऑगस्टला लक्झेंबर्गमध्ये युरोपीय कोळसा-पोलाद समुदायाच्या हाय ऑथॉरिटीचं, म्हणजे त्याच्या कारभारी मंडळाचं, काम सुरू झालं, अध्यक्ष जाँ मोने. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेने कळवलं, की कोळसा आणि पोलादाचे व्यवहार आता थेट तुमच्याशीच. गंमत बघा, समुदायात यायला नकार देणाऱ्या ब्रिटननेही लगोलग सर सेसिल वियर यांच्या हाताखाली शिष्टमंडळ धाडलं. आत यायचं नाही, पण दारात माणूस हवा!

खरं भांडण पुढे ब्रुसेल्सला झालं. तिथे पुढे उभ्या राहिलेल्या युरोपीय आर्थिक समुदायाच्या आयोगाचे, म्हणजे त्याच्या कारभारी मंडळाचे, अध्यक्ष हालस्टाइन लाल गालिचा अंथरून राजदूतांची अधिकारपत्रं स्वीकारत. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल भडकले: हा काय राष्ट्रप्रमुख आहे? शेवटी जानेवारी १९६६ च्या लक्झेंबर्ग तडजोडीत (फ्रान्स आणि बाकीच्या सदस्य देशांमधल्या) ठरलं, की अधिकारपत्रं आयोग आणि सदस्य देशांच्या मंत्र्यांची मंत्रिपरिषद या दोघांच्या अध्यक्षांनी मिळून घ्यायची. भारताने या आर्थिक समुदायाशी राजनैतिक संबंध जोडले ते १९६२ मध्ये, म्हणजे ऐन गालिच्याच्या काळात.