मदत हवी आहे: साडेपाच इंची कृष्णधवल पोर्टेबल टीव्हीवर फक्त आडवी रेघ

मुंग्यांचा_पडदा:
संग्रहासाठी साडेपाच इंची पडद्याचा, रेडिओ जोडलेला, १२ व्होल्टवर चालणारा कृष्णधवल संच घेतला आहे. पहिले दोन दिवस पडदा मुंग्यांनी भरत होता, पण खालून बोटभर काळी पट्टी राहायची. आता पडद्याच्या मधोमध एकच झगझगीत आडवी रेघ उरली आहे. आवाजाची खरखर नीट येते. व्हर्टिकलच्या (चित्र वर-खाली पसरवणाऱ्या भागाच्या) हीटसिंकवरच्या, म्हणजे उष्णता घालवणाऱ्या पत्र्यावरच्या, आयसीवर १०३१ आकडा आहे. आयसी बदलू, की सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकदम बदलून टाकू? आणि दुरुस्त झालाच तर त्यावर चित्र कुठून आणायचं?

बारा_व्होल्ट:
सर्वात आधी ब्राइटनेस इतका कमी करा की रेघ जेमतेम दिसेल. सगळा इलेक्ट्रॉन बीम एकाच रेघेवर आदळतोय, तिथला फॉस्फर (पडद्याचा चमकणारा लेप) जळला तर तो डाग कायमचा. ही पिक्चर ट्यूब नव्याने मिळत नाही.

रेघ दिसते म्हणजे हाय व्होल्टेज, हॉरिझॉन्टल (बीम आडवा फिरवणारा भाग) आणि ट्यूबचा फिलामेंट तिन्ही ठीक आहेत. बिघाड व्हर्टिकलमध्येच. आधी खालून आकसलं आणि मग कोसळलं, या क्रमावरून मला आयसीपेक्षा योकच्या (ट्यूबच्या मानेभोवतीच्या, बीम वळवणाऱ्या कॉइल्सच्या) वाटेवरच्या कपॅसिटरचा संशय जास्त आहे. आयसीचं आउटपुट आणि योकची व्हर्टिकल कॉइल यांच्यामध्ये एक मोठा इलेक्ट्रोलिटिक असतो, बहुधा ४७० किंवा १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट. तो वाळत गेला की आधी चित्राची उंची जाते आणि पूर्ण ओपन झाला, म्हणजे आतून तुटला, की रेघ.

मीटर डीसीवर ठेवून आउटपुटच्या पायावर मोजा. पुरवठ्याच्या साधारण निम्मं, म्हणजे ५ व्होल्टच्या आसपास आलं तर आयसी बहुधा शाबूत आहे. शून्य किंवा पूर्ण पुरवठ्याइतकं आलं तर आयसी किंवा त्याचा पुरवठा बघा. कोणता पाय कशाचा ते डेटाशीटवरून पक्कं करा, अंदाजाने प्रोब लावू नका. दोन पाय शॉर्ट झाले तर चांगला आयसीही जाईल.

योकवाला:
योकचीही खात्री करून घ्या, ती सोपी आहे. संच बंद करून कपॅसिटरचा योककडचा पाय सोल्डरमधून सोडवा. मग संच चालू करून कॉइलच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा. रेघ वर किंवा खाली सरकली आणि सेल उलटा केल्यावर विरुद्ध दिशेला गेली, तर कॉइल चांगली. अजिबात हलली नाही तर कॉइल तुटली आहे किंवा तिच्या कनेक्टरचं सोल्डर सुटलं आहे. या संचांत कनेक्टरच्या पिनेभोवती केसाएवढी गोल भेग पडलेली फार वेळा सापडते. भिंग घेऊन बघा, नाहीतर सगळ्या पिना सरसकट पुन्हा सोल्डर करा.

पिक्चर ट्यूबच्या रबरी टोपीखाली संच बंद केल्यावरही काही हजार व्होल्ट टिकून असतात. ते डिस्चार्ज करताना, म्हणजे उतरवताना, स्क्रूड्रायव्हरला बांधलेली तार ट्यूबच्या पाठीवरून जाणाऱ्या उघड्या अर्थच्या वेणीला जोडा, सर्किट बोर्डाला नको. आणि ट्यूब मानेला धरून कधीही उचलू नका.

बारा_व्होल्ट:
सगळे कपॅसिटर एकदम बदलू नका. वीस जागी सोल्डर केलं आणि नवीन दोष आला तर तो शोधायचा कुठे? आधी व्हर्टिकलचे, मग पुरवठ्याचे. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंश तापमानाच्या क्षमतेचे घ्या. हॉरिझॉन्टल योकच्या वाटेवर एक नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर असतो. त्या जागी साधा इलेक्ट्रोलिटिक लावला तर तो तापून फुगतो आणि फुटतो. ही चूक अनेकजण करतात. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला नॉन-पोलर म्हणूनच मागा.

अडॅप्टर कोणता वापरता? जुना ट्रान्सफॉर्मरवाला '१२ व्होल्ट'चा अडॅप्टर लोड नसताना १६-१७ व्होल्ट देतो आणि त्यात १०० हर्ट्झची रिपल (व्होल्टेजची चढउतार) असते. त्याने चित्राच्या कडा सापासारख्या वळवळतात. १२ व्होल्ट २ अँपिअरचा रेग्युलेटेड घ्या. पिनेच्या आत प्लस की बाहेर, ते संचाच्या पाठीवरची खूण बघूनच ठरवा.

मुंग्यांचा_पडदा:
खूप आभार. आउटपुटवर ५.२ व्होल्ट आले. सेलने रेघ दोन्हीकडे सरकली. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढला तर बुडाशी तपकिरी चिकट ओल होती. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवा लावला, पडदा पूर्ण उघडला! आता सिग्नलचं सांगा.

चॅनल_चार:
वा, छान झालं! दूरदर्शनचं ॲनालॉग प्रक्षेपण जवळपास सगळीकडे बंद झाल्यामुळे मॉड्युलेटर (प्लेअरचं चित्र-आवाज टीव्ही चॅनलच्या सिग्नलमध्ये बदलणारी डबी) हवाच. घेताना पाल बी/जी (आपल्याकडची टीव्ही पद्धत), आवाज चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर असं विचारून घ्या. मुंबईचं चॅनल ४ आठवत असेल, त्याचं चित्र ६२.२५ वर आणि आवाज ६७.७५ मेगाहर्ट्झवर, फरक ५.५. अमेरिकन मॉड्युलेटरचं चॅनल ३ हे ६१.२५ वर आहे, म्हणजे चित्र जवळपास त्याच जागी सापडतं, पण आवाज ४.५ ने पुढे असल्यामुळे संच मुका राहतो. ब्रिटिश मॉड्युलेटरमध्ये तो फरक ६ चा, तिथेही तेच.

मॉड्युलेटरची वायर बाहेरच्या अँटेनाच्या जॅकला द्या. जॅक नसेल तर टेलिस्कोपिक रॉडशेजारी दोन इंच उघडी तार ठेवली तरी पुरते. प्लेअरच्या मेन्यूत पाल निवडा. एनटीएससी (अमेरिकन पद्धत) राहिलं तर चित्र वर-खाली पळेल आणि व्हर्टिकल होल्ड फिरवत बसाल.

मुंग्यांचा_पडदा:
चित्र आलं, आवाजही! फक्त वरच्या भागातली माणसं थोडी लांबट दिसतात.

योकवाला:
वर्तुळाचं टेस्ट कार्ड लावा. बोर्डावर हाइट (चित्राची उंची) आणि लिनिअरिटी (वर-खाली सारखा ताण) असे दोन प्रीसेट, म्हणजे स्क्रूने फिरवायची छोटी बटणं, सापडतील. मूळ जागेवर मार्करने खूण करा, प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने आधी लिनिअरिटी, मग हाइट, असं आलटून-पालटून वर्तुळ गोल होईपर्यंत फिरवा. संच अर्धा तास तापल्यावरच हे करा, थंड असताना लावलेलं नंतर पुन्हा सरकतं.