घरचं अन् देशाचं एकाच अल्बममधी, सुचवा ना कोणी

खापरीवाला: रोज मेट्रोनं सीताबर्डीपर्यंत येणंजाणं असते, तेवढ्यात निम्माअधिक अल्बम होऊन जातो. हल्ली जे नवीन पॉप-रॉकवाले ऐकून राहिलो त्यात एका गाण्यात ब्रेकअप, दुसऱ्यात सरकारला शिव्या, अन् मधातला सांधा सरळ दिसते बाप्पा. दोन्ही एकजीव झालेलं काही आहे का? हिंदी-इंग्रजी काहीही चालेल, फक्त स्वतः लिहून गाणारा पाहिजे.

तर्रीपोहे: रब्बी शेरगिलचा २००८ चा 'आवेंगी जा नहीं' लाव भाऊ. लोकांना 'बुल्ला की जाणां'च माहीत, तो २००४ चा, हा त्याच्यानंतरचा. नावाचं गाणं प्रेमातलं, अन् त्याच अल्बममधी बिल्किस बानोवरचं गाणं आहे, त्यात हायवेतला भ्रष्टाचार उघड करणारा इंजिनिअर सत्येंद्र दुबे पण येतो. भाषण नाही बे, ती माणसं स्वतःचं नाव सांगून आपली गोष्ट सांगतात, त्याच्यानं जास्त लागते.

बर्डीची_पोरगी: ट्रेसी चॅपमनचा पहिला अल्बम, १९८८. 'फास्ट कार'मधली पोरगी दारूड्या बापापायी शाळा सोडते, मंग दुकानात बिलं करते, सरकारचं नावबी नाही तरी सगळं राजकारणच आहे ते. अन् 'बिहाइंड द वॉल' नक्की ऐकजो, भिंतीपलीकडे बाईला मारहाण चालू आहे, पोलीस आले तं उशिराच येतात, अन् मागे एकबी वाद्य नाही, नुसता गळा. फक्त रॉक समजून लावशील तं निराश होशील, फोककडं जास्त जाते.

जुना_रेडिओ: एवढ्या दूर काहून जाता राजेहो, वामनदादा कर्डकांनी स्वतःच लिहिलं अन् स्वतःच गायलं की. दसऱ्याला दीक्षाभूमीवर चक्कर मारा.

खापरीवाला: काका वामनदादा घरी लहानपणापासूनच वाजतात, मी गिटारवालं विचारून राहिलो होतो :)

जुना_रेडिओ: गिटार नसली म्हणून काय झालं. बरं, ऐक तू तुझं.

खापरीवाला: अपडेट. 'बिहाइंड द वॉल' सुरू झालं तं मला वाटलं इअरफोन बिघडला, वाद्यं गायब झाली असतील, म्हणून दोनदा पिन काढून लावली अन् मंग पोस्ट आठवली. त्यानंतर मोबाइल खिशात टाकला, पुढचं गाणं ऐकावंसंच नाही वाटलं. रब्बी रविवारी निवांत ऐकतो, पंजाबी कळणारं कोणी असेल तं नावाच्या गाण्याचा अर्थ टाका इथं.