‘उचकी’, ‘गुचकी’ आणि ‘ठसका’

प्रश्न : माझे माहेर पुण्याचे आणि सासर कोल्हापूरचे. माहेरी आम्ही ‘उचकी’ म्हणतो, सासरी सगळे ‘गुचकी’ म्हणतात. मुलीने निबंधात ‘गुचकी लागली’ असे लिहिले, तेव्हा तो शब्द खोडून ‘उचकी’ करण्यात आला. ‘गुचकी’ अशुद्ध आहे का? शिवाय घरात ठसक्याला आणि उचकीला एकच उपाय करतात. हे दोन्ही एकच समजायचे का?

उत्तर : ताई, ‘गुचकी’ हा बिघडलेला शब्द नाही आणि मुलीच्या वहीत तो खोडायला नको होता, असे माझे स्पष्ट मत आहे. उचकी म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटलाचा स्नायू आपल्या इच्छेविना एकदम आकुंचन पावतो, श्वास आत ओढला जातो आणि त्याच क्षणी स्वरयंत्राचे दार मिटते. त्या मिटण्याचा जो आवाज होतो, तोच बहुतेक भाषांनी शब्दात धरला आहे. संस्कृतात ‘हिक्का’, हिंदीत ‘हिचकी’, इंग्रजीत ‘हिकप’, तर आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये ‘बिक्कळिके’. ‘गुचकी’तला ‘गु’ मला तर ‘उचकी’तल्या ‘उ’पेक्षा त्या घशात अडलेल्या आवाजाच्या अधिक जवळचा वाटतो.

ठसका मात्र वेगळा. अन्नाचा कण किंवा पाण्याचा थेंब श्वासनलिकेकडे गेला की तो बाहेर फेकण्यासाठी जो खोकला उसळतो, तो ठसका. उचकीत हवा आत खेचली जाते, ठसक्यात ती जोराने बाहेर पडते. क्रियापद दोन्हीकडे ‘लागणे’ हेच असल्याने गोंधळ होतो. ढेकर आपण ‘देतो’ही, पण उचकी कुणाला देता येत नाही, ती ‘येते’ किंवा ‘लागते’. शरीराचे हे परावलंबन मराठीने क्रियापदातच सांगून ठेवले आहे. मरणासन्न माणूस ‘आचके देतो’ असे आपण म्हणतो खरे, पण तो शब्द उचकीसाठी चुकूनही वापरू नये.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. आमच्या घरी तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करून भराभर जेवणाऱ्या भाच्याला आधी ठसका लागला आणि तो शमतो न शमतो तोच गुचकी सुरू झाली. ठसका चालू होता तोवर आज्जींनी त्याला पाण्याचा तांब्या हातात घेऊ दिला नाही, नुसते खोकू दिले. गुचकी लागल्यावर मात्र चमचाभर साखर पुढे केली आणि म्हणाल्या, “चघळ ही, आन् कोन आठवन काढाय लागलंय त्याचं नाव घे.” खोकणाऱ्याच्या घशात पाणी ओतणे धोक्याचे असते, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते, शब्द वेगळे होते म्हणून उपायही वेगळे राहिले.

साखर, घोट घोट पाणी, श्वास रोखून धरणे, सुंठ आणि गूळ हे उचकीचे घरगुती उपाय सर्वांना ठाऊक आहेत. श्वास रोखल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तर गिळण्याने घशातील मज्जातंतूंना चेतना मिळते. त्यामुळे आकुंचनाची लय मोडते असे मानले जाते. नाव घेण्यात मन आणि श्वास दुसरीकडे वळतात, एवढे तरी त्या समजुतीच्या पदरात टाकायला हरकत नाही. कारणे म्हणाल, तर घाईचे किंवा अति जेवण, तिखट, सोड्याची पेये, मद्य आणि कधी मनाची खळबळ. चरकसंहितेने हिक्केचे 5 प्रकार सांगितले, त्यांतला ‘अन्नजा’ हा आपल्या जेवणाच्या पाटावरचाच.

पुन्हा प्रश्न : तान्ह्या बाळाला उचकी लागली की सासूबाई म्हणतात, “आतडी वाढायलीत.” बाळालाही साखर किंवा मध चाटवावा का?

उत्तर : नाही. वर्षाच्या आतील बाळाला मध कधीही देऊ नये, त्यातून बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो; साखरही नको. तान्ह्या मुलांना उचकी वारंवार लागते आणि बहुधा आपोआप थांबते. दूध पाजताना मध्येच थांबून खांद्यावर घेऊन ढेकर काढावा, तेवढे पुरते. सासूबाईंचे वाक्य मात्र मायेचे आहे, ते तसेच राहू द्यावे. मोठ्या माणसाची उचकी 48 तासांहून अधिक टिकली, तर घरचे उपाय सोडून डॉक्टरांकडे जावे, कारण तेव्हा मूळ दुखणे दुसरीकडेच असू शकते.