"सर, अजून रागवा, पण पोरगं स्टेजवर दिसलं पाहिजे"

तबलामास्तर, जळगाव

जळगावात तबल्याचा क्लास घेतो, 14 वर्षं झाली. बहुतेक पोरं गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांपुरती येतात. प्रारंभिक, प्रवेशिका, फार तर मध्यमा. दहावीला कलेचे वाढीव गुण पदरात पडले की तबला कपाटावर जातो. तक्रार नाही, माझं घर त्यावरच चालतं.

पण एक पोरगा वेगळा आहे. 13 वर्षांचा. त्याचा डग्गा असा बोलतो की कधी कधी मी शिकवायचं सोडून ऐकत बसतो. गेल्या मंगळवारी धिरधिरचा रेला, म्हणजे वेगात सलग वाजवायची बोलांची रांग, घेत होतो. दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, गेला की हात अडखळायचा. तीनदा झालं, चारदा झालं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मनगटात जोर नसेल तर बांगड्या भर." खोलीत दोन मुलीही शिकायला बसल्या होत्या, ते आणखी वेगळंच.

हे वाक्य माझं नाही, माझ्या गुरुजींचं. त्यांच्याकडे मी नऊ वर्षं काढली, त्यातली चार घरी राहून. तबला मिळवायची हातोडी त्यांनी दोनदा भिरकावली, एकदा लागली. मे महिन्यात, आणि आपला मे कसा असतो ते सांगायला नको, पंखा बंद करून सहा-सहा तास बसवायचे. वाऱ्याने हात सुस्तावतो म्हणे. आम्ही 11 जण होतो. एक आज आकाशवाणीचा ए ग्रेड कलाकार आहे. मी क्लास घेतो. उरलेले नऊ तबल्याला हात लावत नाहीत, त्यातल्या दोघांना तर तबला ऐकवतही नाही. गुरुजींच्या सत्कारात नाव निघालं ते त्या एकाचंच.

बुधवारी त्या पोराचा बाप दारात. मला वाटलं, भांडायला आला. तर म्हणतो, "सर, अजून रागवा, दोन ठेवून द्या. पण पोरगं बालगंधर्व महोत्सवात बसलेलं दिसलं पाहिजे."

माझं मत असं की माराने कलाकार घडत नाही. मार ही नुसती चाळणी. टिकणारे मुळातच टिकणारे असतात, नाव मात्र चाळणीचं होतं. पण खोटं कशाला बोलू, त्या नऊ वर्षांशिवाय माझा आजचा हात असता का? नसता. तुम्हाला काय वाटतं?

अमळनेरकर (सध्या पुणे)

मास्तर, शेवटच्या ओळीत तुम्हीच उत्तर देऊन टाकलंय, मग धागा कशाला?

भीमसेन जोशी 11 वर्षांचे असताना घरातून पळाले. पुढे कुंदगोळला गुरू सवाई गंधर्वांच्या घरी राहून पाणी भरलं, पडेल ते काम केलं, तेव्हा गाणं मिळालं. मैहरला सरोदवाले अलाउद्दीन खाँसाहेबांचा धाक असा की घर चळाचळा कापायचं. त्याच घरातून शिष्य रविशंकर, निखिल बॅनर्जी आणि खाँसाहेबांची पोटची मुलं अली अकबर, अन्नपूर्णादेवी निघाले. एका उंबऱ्यातून एवढी माणसं लाडाकोडाने निघाली का? आज मास्तर पोराला रागवायला घाबरतो आणि पोरगं तीस सेकंदांची तिहाई रीलवर टाकून स्वतःला उस्ताद म्हणवतं. तुमच्यासोबतच्या नऊ जणांनी सोडलं, वाईट वाटतं. पण सगळ्यांनी मोठं व्हावं असं कुठे ठरलंय?

बँडवाला, पारोळा

भाऊ, मना बाप बँडमा क्लॅरोनेट वाजाडे. सूर चुकना की मास्तर भर वरातमा लाथ मारे. बाप चांगला वाजाडाले लागना, खोटं नही. पन घर उना की मायले मारे. तो हिसाब कोन लिखस?

फर्स्ट इयर, धुळे

अमळनेरकर काकांशी सहमत. जाझमधलं उदाहरण बघा. सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर 16 वर्षांचा असताना वाजवताना चुकला, तर ड्रमवाल्या जो जोन्सने त्याच्या डोक्यावर झांज फेकून मारली. त्या अपमानातून पार्कर घडला. अपमान झाला नसता तर जगाला पार्कर मिळाला असता का?

निवृत्त बँकवाला, चाळीसगाव

बेटा, झांज डोक्यावर नाही, पायाशी फेकली होती. फरशीवर आदळून आवाज व्हावा आणि पोराने थांबावं, एवढाच हेतू. लोक हसले, त्याला लागलं, हे खरं. पण गोष्ट सांगणारे पुढचं गाळतात. पुढच्या उन्हाळ्यात तो अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरातल्या एका रिसॉर्टवर बँडबरोबर वाजवायला गेला, सोबत मोठा सॅक्सोफोनवाला लेस्टर यंगच्या रेकॉर्डी नेल्या आणि त्या घोटून घोटून परतला. बँडमधल्या मोठ्यांनी त्याला बसून स्वरसंगती समजावली. म्हणजे शिकला तो झांजेकडून नाही.

आणि गोष्टीचा शेवटही सांगत जा. हेरॉइन, दारू, आणि 1955 साली 34 व्या वर्षी मृत्यू. प्रेत तपासणाऱ्याला वय पन्नास-साठ वाटलं होतं.

फर्स्ट इयर, धुळे

पायाशी होती हे माहीत नव्हतं. पण व्यसन ही वेगळी गोष्ट ना? ते झांजेच्या खात्यावर कसं टाकता?

निवृत्त बँकवाला, चाळीसगाव

नाही टाकत. मग त्याची कलाही टाकू नका.

मुलीची आई, भुसावळ

माझी मुलगी गाते. गायची म्हणू. घसा बसलेला असताना तार सप्तकात पलटे घेऊन घ्यायच्या तिच्या बाई, "दुखलं म्हणजे उघडतोय" म्हणत. स्वरयंत्रावर गाठी आल्या. डॉक्टरांनी बोलणंसुद्धा बंद केलं, ती महिनाभर पाटीवर लिहून भाजी मागायची. माझाही दोष आहे. मीच सांगायचे, बाई मोठ्या आहेत, ऐक त्यांचं.

मेहनत नको असं मी कधीच म्हणणार नाही. तबलावादक अल्लारखाँसाहेब मुलाला, झाकीर हुसेनना, लहानपणी पहाटे तीनला उठवायचे आणि सहापर्यंत समोर बसवून बोल म्हणून घ्यायचे. झाकीरभाईंनीच सांगितलंय, आणि किती प्रेमाने सांगायचे. तीन तासांची ती बैठक सोपी होती का? पण त्यात हातोडी नव्हती.

अमळनेरकर, मैहरचं अर्धंच सांगितलंत. बांगड्यांचा किस्सा तिथलाच. रविशंकरांनी लिहिलंय, खाँसाहेब त्यांना म्हणाले, मनगटात जोर नाही, जा बांगड्या आण. ते सामान बांधून थेट स्टेशनवर गेले. गाडी चुकली, अली अकबरनी समजावून परत आणलं, आणि खाँसाहेबच नरमले. अली अकबरला मात्र झाडाला बांधून मारलं, उपाशी ठेवलं, हेही रविशंकरांनीच लिहिलंय. रविशंकर युरोप बघून आलेले, उदयशंकरांचे भाऊ, पैसे खिशात. अली अकबर घरचं पोर. ज्याला स्टेशनवर जाता येत होतं, त्याच्याशी गुरू जपून वागला.

मास्तर, एक विचारते, राग मानू नका. त्या मुलाची फी किती घेता?

अमळनेरकर (सध्या पुणे)

ताई, मुलीचं वाचून वाईट वाटलं. पण ती चूक गळ्याचं शास्त्र न कळणाऱ्या बाईंची, शिस्तीची नाही. आणि अली अकबर पुढे अली अकबर खाँ झालेच ना? फीचा इथे काय संबंध?

तबलामास्तर, जळगाव

संबंध आहे. दोन दिवस उत्तर लिहून खोडत होतो.

फी घेत नाही. बाप ट्रकवर केळीचे घड भरायला जातो, मीच म्हटलं होतं, राहू द्या. त्याच बॅचमध्ये एका डॉक्टरांचा मुलगा आहे. त्याचा रेला एकपटीतही पडतो. त्याला मी "पुन्हा घेऊ बेटा" म्हणतो. हातोडी लांबच, आवाजसुद्धा चढवलेला आठवत नाही. गुरुजींच्या घरी राहणारे आम्ही चौघंही बिनपैशाचे होतो. हातोडी लागली तो मी.

आज तो पोरगा आला. मागच्या ओळीत बसला. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी. रेला दुगुनीत लावला, सलग 16 आवर्तनं, एकही बोल सांडला नाही. उठताना नेहमीसारखा पाया पडला, पण वर बघितलं नाही.

अमळनेरकर (सध्या पुणे)

मग? आला ना हात!