मदत हवी आहे: दावा चालवायचा तर आधी खर्चाची हमी भरा म्हणतात

नमस्कार मंडळी, लंडनमधल्या आमच्या छोट्या कंपनीने थकीत बिलांसाठी दावा लावलाय. आता प्रतिवादीचा अर्ज आलाय: 'कंपनी तोट्यात आहे, हरली तर आमचा खर्च कोण देणार? आधी कोर्टात हमी भरा.' अहो, तोटा झाला तो यांनीच बिलं थकवली म्हणून! इंग्लंडचे नामवंत न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी १९७३ च्या 'पार्किन्सन विरुद्ध ट्रिप्लॅन' निकालात नेमका हाच मुद्दा विचारात घ्यायला सांगितलाय. शेवटी हमी मागणं न्याय्य आहे का, हे न्यायाधीशांच्या मर्जीवर. पण हमीच्या ओझ्याने दावाच गुदमरेल, म्हणजे पैशाअभावी सोडून द्यावा लागेल म्हणायचं, तर संचालकांकडूनही पैसे उभे राहणार नाहीत हे आम्हीच दाखवायचं. कुणी असा अर्ज लढवलाय का? बँकेने कर्ज नाकारल्याच्या पत्राशिवाय पुरावा म्हणून काय जोडलंत? टप्प्याटप्प्याने भरायची मुभा मिळाली का?