रोपांवरचा एलईडी दिवा किती उंचीवर असावा?

प्रश्न: टोमॅटोच्या रोपांवर मी ६० सेंटिमीटर उंचीवर एलईडी दिवा टांगला असून तो रोज १२ तास चालू असतो, तरीही खोडे बारीक व लांबट होऊन कलली आहेत. चूक कुठे होत असावी?

उत्तर १: प्रकाश कमी पडतो आहे. लहान दिव्याचे अंतर निम्मे केल्यास पानांवरचा प्रकाश जवळपास चौपट होतो, म्हणून दिवा ३० सेंटिमीटरपर्यंत खाली आणावा आणि शेंड्याची पाने फिकट पडू लागली, तरच थोडा वर घ्यावा.

उत्तर २: वेळही १४ ते १६ तास करावा, मात्र टायमर लावून, रोपांना अंधारही हवाच. कललेली रोपे खोल लावावीत, मातीत गेलेल्या खोडाला मुळे फुटतात.