अनुभव धागा: माणसांपासून दूर, एकट्याने

धागाकर्ती

'सगळं सोडून कुठंतरी रानात निघून जावं' असं ऑफिसच्या डब्याच्या वेळी दर आठवड्याला कुणीतरी म्हणतंच, आणि मग चहा पिऊन जागेवर जाऊन बसतं. हा धागा त्यांच्यासाठी आहे जे खरंच गेले. एक रात्र असो की वर्ष. फोटो नकोत, तत्त्वज्ञान बेतानं. काय खाल्लं, कशाची भीती वाटली, डोक्यात काय चाललं होतं ते लिहा. स्वतःबद्दल काही कळलं असेल तर लिहा, नसेल कळलं तर तेही लिहा.

पायवाट

पायी नर्मदा परिक्रमा. ओंकारेश्वरहून उचलली, दक्षिण तटानं. नियम थोडेच आहेत: मैया कायम उजव्या हाताला, पात्र ओलांडायचं नाही, मिळेल ते खायचं. नदी अमरकंटकपासून समुद्रापर्यंत १,३१२ किलोमीटर, तेव्हा दोन्ही काठ मिळून किती चाल होते याचा हिशेब करा.

एकांत हवा होता म्हणून शूलपाणीच्या झाडीची वाट पाहत होतो. बडवानीजवळचा राजघाट मागे पडला की ती सुरू होते. जुने लोक सांगायचे, तिथे 'मामा' (तिथले भिल्ल) लुटतात, अंगावर लंगोटी तेवढी ठेवतात. आता लुटालूट राहिली नाही आणि काठाची वाटही राहिली नाही. सरदार सरोवर २०१९ मध्ये पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं, वाट त्याच्या पोटात. आता भिल्ल-पावरांच्या पाड्यांमधून डोंगर चढत-उतरत जायचं. झाडी हे नावापुरतंच, बोडके डोंगर जास्त.

दुपारभर माणूस दिसत नव्हता. एवढ्या शांततेत मनात काय आलं म्हणाल, तर भावाशी चाललेला जमिनीचा वाद. बांध, सातबारा, त्यानं कुणाच्या लग्नात मारलेला टोमणा. मी मोठमोठ्यानं उत्तरं देत चाललो होतो. हे पुष्कळ दिवस चाललं. मग एका सकाळी लक्षात आलं की कालपासून तो विषय निघालाच नाही. काही उमगलं वगैरे नाही, बहुधा पाय इतके दुखत होते की भांडायला ताकद उरली नव्हती.

संध्याकाळी एका पाड्यावर एका बाईनं मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. तिचं जुनं घर धरणात गेलेलं. मी स्वतःचं घर आपणहून सोडून आलेला. तिनं विचारलं, घरी कोणी नाही का? आहेत म्हटलं. मग इकडे कशाला फिरतोस? मी 'मैयासाठी' म्हणालो. तिनं मान डोलावली, पण तिला पटलं असेल असं वाटत नाही.

आश्रमात पोचलं की 'कितनी मूर्ती?', म्हणजे किती जण, एवढंच विचारतात. एक मूर्ती म्हटलं की आसन मिळतं, शिजवलेलं नसेल तर सदाव्रत: पीठ, डाळ, बटाटे. नाव, धंदा, जात कुणी विचारलं तर ते उशिरा, चुलीपाशी. हे मला एकांतापेक्षा जास्त मानवलं.

आणि ज्यांना वाटतं की परिक्रमा म्हणजे एकटेपण, त्यांनी मैया समुद्राला मिळते तिथे विमलेश्वरहून पलीकडे मीठी तलाईला जाणाऱ्या नावेत बसून पाहावं. गुडघ्यात गुडघे, कुणीतरी ओकतंय, कुणी भजन म्हणतंय.

चौकट

पायवाट, तुमचं आवडलं. पण जाणारे सगळे लिहितात, म्हणून मागे राहणारीचं लिहिते.

नवरा परिक्रमेला निघाला तेव्हा मुलगा दहावीत, सासूबाईंना दिवसातून दोनदा इन्सुलिन. निवृत्तीनंतर जा म्हटलं तर म्हणे तोवर पाय राहतील का. तेही खोटं नव्हतं. बिनपगारी रजा टाकली आणि गेला.

आठवड्यातून कधीतरी दुसऱ्याच कुणाच्या मोबाइलवरून फोन यायचा, 'मी आनंदात आहे.' त्या वाक्याचा मला इतका संताप यायचा की एकदा नुसतं 'बरं' म्हणून ठेवून दिला. शेजारपाजारचे येऊन माझ्या पाया पडायचे, परिक्रमावासीची बायको म्हणून. त्यांच्यातलं कुणी 'तू जरा पडून घे, मी बसते सासूबाईंजवळ' असं म्हणालं नाही.

परतला तो काळवंडलेला, वाळलेला. ताटात कण टाकत नाही, अजूनही. आपली भांडी आपण घासतो. बदल खरा आहे, नाकारत नाही. पण त्या महिन्यांत मलाही माझ्याबद्दल बरंच कळलं, गावची वेस न ओलांडता. एक, बँकेचं सगळं मला जमतं. दोन, मला एकटीनं झोपायला फार आवडतं.

सह्यकडा

वेल्ह्याच्या पुढे जागा घेऊन राहायला गेलो. पहिला पाऊस झाला. परत आलो. सविस्तर नंतर.

रातवा

मेळघाट, बुद्धपौर्णिमा. वनखात्याचा 'निसर्गानुभव' असतो, पाणवठ्याशेजारी मचाणावर रात्रभर बसायचं. अत्तर नाही, भडक कपडे नाहीत, बोलणं नाही. सोबत वनमजूर असतात, म्हणजे धाग्याच्या अटीत मी बसत नाही. पण आमचे कोरकू दादा उजाडेपर्यंत जेमतेम एखादं वाक्य बोलले असतील.

घरी आल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न, वाघ दिसला का. नाही. रानडुकरं आली. लांबवर सांबर ओरडलं. उत्तररात्री अस्वल आलं, पाणी पिताना केवढा आवाज करतं ते! स्वतःबद्दल एवढंच कळलं की मी सारखी तोंडानं 'च्च' करते. दादांनी दोनदा नुसतं वळून पाहिलं, तेव्हा कळलं. एवढी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही?

मोहफूल

मी धानोरा तालुक्यातला, जिल्हा गडचिरोली. वाचून गंमत वाटली, थोडा रागही आला. तुम्ही ज्याला निर्मनुष्य रान म्हणता तिथे आमची शेतं आहेत, देव आहेत, पुरलेली माणसं आहेत.

मोह पडायला लागला की अंधारातच अख्खं घर टोपल्या घेऊन झाडाखाली. उन्हाळा तापला की तेंदूपत्ता, दिवसभर तोडायचा आणि अंगणात सगळ्यांनी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे. एकटा माणूस रानात शिरला तर समजायचं, बैल हरवला असेल. आमच्याच तालुक्यातलं मेंढा (लेखा) २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी. तिथे ग्रामसभेत एकाचाही विरोध असला तर निर्णय पुढे ढकलतात. रान म्हणजे आमच्यासाठी एवढी माणसं.

एकटेपणाचा अनुभव विचाराल तर तो मला पुण्यात आला. स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत कॉट घेऊन राहिलो. खोलीत चौघं. महिनेच्या महिने मला कुणी नावानं हाक मारली नाही.

अँकरेजकर

अलास्कात राहतो. इथे सरकारी केबिनी भाड्यानं मिळतात: लाकडाची शेगडी, फळ्यांचे बाक, बस्स. मी अधूनमधून एकटा जातो. जाण्याआधी कुठे जातोय, कधी परतणार हे शेजाऱ्याला लिहून देतो. अस्वलासाठी स्प्रे, जेवणाला भाजणी. तीन दिवसांपुढे मला करमत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

ख्रिस मॅककँडलेस हा चोवीस वर्षांचा मुलगा १९९२ मध्ये इथल्याच रानात एका टाकून दिलेल्या बसमध्ये राहिला आणि उपासमारीनं गेला. परतायला निघाला तेव्हा टेकलानिका नदी फुगली होती. थोड्याच अंतरावर तारेवरून पलीकडे जाण्याचा पाळणा होता, पण त्याच्याकडे नीट नकाशा नव्हता. नंतर ती बस बघायला जगभरातून मुलं यायची. २०१० आणि २०१९ मध्ये एकेक जण नदीत वाहून गेला. शेवटी २०२० मध्ये हेलिकॉप्टरनं बसच उचलली. माझे इथले सहकारी त्याच्याबद्दल बोलताना वैतागतात. भारतातून येणारे पाहुणे मात्र हळवे होतात. मी सहकाऱ्यांच्या बाजूचा. माझी सहानुभूती शोधपथकात उतरणाऱ्यांना.

धागाकर्ती

सह्यकडा, सविस्तर राहिलंय!

सह्यकडा

फुरसं. चपलेत. अजून काय लिहू?

चौकट

पायवाट, एक विचारायचं होतं. सासूबाई आता नाहीत, मुलगा नोकरीला लागला, यंदा मी निघते आहे. बाईमाणसाला एकटीला आश्रमात आसन मिळतं का? नवरा 'मिळतं गं' म्हणतो, पण तो आत्तापासून गॅसचा नंबर कसा लावायचा ते विचारतोय, त्याचं काय ऐकायचं.

पायवाट

ताई, मिळतं. चातुर्मासात चालत नाहीत, कार्तिकी एकादशीनंतर उचला. ओळखीचा दाखला आणि शिक्क्यांसाठी वही लागेल. झाडीत मात्र चार-पाच मूर्ती धरून राहा. विमलेश्वरला दोन दिवस हातचे ठेवा, नाव भरतीवर सुटते. बूट नवे नकोत.